पाण्याचा माठ आणि सभासदाची पावती

(रेल्वे कामगार शाखा सचिवांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे विषय छापला आहे, 'सामाजिक समावेशन'. तो वाचून आम्ही दोन वेळा चष्मा पुसला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, बाकीचे सगळे रुळावर झाले, आणि रुळावर हा शब्द कधी कानावर आला नाही. शेजारी बसलेल्या साथीला विचारले. तो म्हणाला, "सामावून घेणे." मग आम्हाला दुसराच प्रश्न पडला. कोणी कोणाला सामावून घ्यायचे? पाहुण्याला आपण आत घेतो तेव्हा घर आपले असते. रेल्वेत खडी ओढणारा, स्लीपर उचलणारा, गाडीचा संडास धुणारा माणूस पहिल्या दिवसापासून आहे. त्याला आत घेणारे आम्ही कोण? तो आतच होता. फक्त त्याचा माठ वेगळा होता. तेव्हा आज आम्ही माठाविषयी बोलणार आहोत, समावेशनाचे तुम्ही पाहून घ्या.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. त्याच साली कार्ल मार्क्सने लंडनमध्ये बसून लिहिले की रेल्वेमुळे हिंदुस्थानात आधुनिक उद्योग येतील, आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जाती उभ्या आहेत ती विभागणी त्यातून मोडेल. मार्क्स आमच्यापेक्षा कितीतरी विद्वान. पण त्याने आमची गँग पाहिली नव्हती. रेल्वे आली, उद्योगही आले, आणि जात बिनातिकीट डब्यात येऊन बसली.

डब्यात एकमेकांना खेटून बसण्यावाचून इलाज नव्हता हे खरे, तेवढे काम रेल्वेने केले. पण गाडी थांबली की फलाटावर आरोळी व्हायची, हिंदू पाणी, मुसलमान पाणी. भांडी वेगळी, वाढणारे वेगळे. आणि ज्याला हिंदू पाण्याच्या भांड्यालाही हात लावायची मुभा नव्हती, त्याच्यासाठी कसली आरोळीच नव्हती.

१९०१ च्या सुमाराची एक गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, तरी सांगतो, कारण ती आपल्या खात्यातली आहे. सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर काही मुले गाडीतून उतरली. अंगात नवे सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या. वडील नोकरीच्या गावी होते, मुले सुट्टीत त्यांच्याकडे निघाली होती. न्यायला कोणी आले नाही. स्टेशन मास्तरांनी चांगल्या घरची मुले समजून आपुलकीने चौकशी केली. मुलांनी आपण महार आहोत असे सांगताच मास्तर पाच पावले मागे सरले. पुढे त्यांनाच दया आली आणि त्यांनीच खटपट करून बैलगाडी ठरवून दिली. भाडे दुप्पट, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बरोबरीने पायी चालणार. सोबत जेवणाचा डबा होता, पण वाटेत प्यायला कोणी पाणी दिले नाही, म्हणून मुले उपाशीच झोपली. त्यातला एक मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे लिहून ठेवले आहे.

आमचे लक्ष आहे ते त्या मास्तरांकडे. तो दुष्ट माणूस नव्हता. दुष्ट असता तर गोष्ट सोपी होती. तो मदत करणारा माणूस होता आणि तरीही पाच पावले मागे सरला. साथींनो, आपल्या युनियनमध्ये दुष्ट माणसे फारशी नाहीत. मागे सरणारी पुष्कळ आहेत, आणि त्यांत आम्हीही होतो. ते पुढे सांगणार आहोत.

तोच मुलगा १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला आला, जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेचा अध्यक्ष म्हणून. त्या भाषणातले एकच वाक्य सगळीकडे सांगितले जाते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात असे त्यांना म्हणायचे नव्हते. स्वातंत्र्य, समता आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती असा त्यांचा अर्थ होता आणि ती सगळ्या थरांत आहे हेही त्यांनी सांगितले. पण आम्हाला त्या भाषणातला जास्त उपयोगी भाग वाटतो तो साध्या हिशेबाचा. अस्पृश्य माणूस रेल्वेत कुठे आहे? गँगमध्ये. वर्षानुवर्षे गँगमध्येच. पोर्टर का होत नाही? कारण स्टेशनवरचा पोर्टर मास्तरांच्या घरची कामेही करतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. कारकुनीत जवळजवळ नाही, कारखान्यात वरच्या जागेवर नाही. म्हणजे पाण्याचा विटाळ नुसता पाण्यापुरता राहत नाही. तो बढतीच्या यादीत उतरतो आणि पगारपत्रकात दिसतो.

मुंबईच्या गिरण्यांत हेच होते. विणखात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. का, तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि उष्ट्या धोट्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. त्यांनी तो मागण्यांत घेतला, पण फारशा उत्साहाने नव्हे. मालकांनी काय म्हणावे? हा अन्याय असला तरी त्याला आम्ही जबाबदार नाही. आणि मालकांचे म्हणणे खोटे नव्हते! साचा चालवणाऱ्या कामगारालाच शेजारी अस्पृश्य नको होता. मालकाविरुद्ध मागण्या मांडायला गेलेल्या पुढाऱ्यांना मालकाने आरसा दाखवावा, यापेक्षा मोठी नामुष्की कामगार चळवळीची झाली नसेल.

मनमाडच्या परिषदेवरही आरोप झालाच होता की ही मंडळी कामगारांत फूट पाडतात. त्यावर बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा की फूट आधीच आहे, ती दाखवणारा फूट पाडत नसतो, ज्या कारणांनी ती पडली ती कारणे काढा म्हणजे एकी होईल. हे उत्तर आम्ही आमच्या कचेरीत फळ्यावर लिहून ठेवले आहे, कारण 'फूट पाडू नका' हे वाक्य आम्ही स्वतः अनेकांच्या तोंडावर फेकलेले आहे.

आता आमच्या माठाकडे येतो. आम्ही १९९१ साली गँगमध्ये लागलो. विभागाचे नाव सांगत नाही, कारण कुठलाही विभाग घ्या, तुम्हाला तो तुमचाच वाटेल. गँगच्या झोपडीत दोन भांडी होती. एक काळा माठ, त्यावर झाकण, झाकणावर पेला. दुसरी कोपऱ्यात एक कळशी. कोणी काही सांगितले नाही, पाटी नव्हती, नियम नव्हता. मुकादमाने नाव विचारले, गाव विचारले, आडनावावर जरा थांबला आणि माठाकडे बोट केले. आम्ही माठातले पाणी प्यायलो. कळशीतले पाणी पिणारे पाच जण होते. आमच्याबरोबर एकाच पहारीला हात लावून ते रूळ सरकवत. रात्रीच्या गस्तीत पुराच्या पाण्यात त्यांच्यापैकी एकाने आम्हाला दंडाला धरून बाहेर ओढले, तेव्हा तो हात चालला. सकाळी झोपडीत आलो आणि आम्ही माठाकडे गेलो, तो कळशीकडे. हे सांगताना आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, हेच सांगायचे आहे.

हा माठ काही आंदोलनाने गेला नाही. एका मे महिन्यात तो तडकला. मुकादमाने नवा आणायला महिना लावला. तेवढे दिवस सगळ्यांनी कळशीतले पाणी प्यायले आणि कोणाला काही झाले नाही. नवा माठ आला तेव्हा कळशीवाल्यांपैकी सगळ्यात वयस्क चाबीवाला मामा उठले, त्यांनी तो पेला घेतला, पाणी प्यायले आणि पेला पुन्हा झाकणावर ठेवला. कोणी काही बोलले नाही. दोघे जण मात्र दुसऱ्या दिवसापासून घरून बाटली आणू लागले. आज प्रत्येकाच्या पिशवीत बाटली असते. त्यामुळे माठ गेला, आणि भेद गेला की नाही हे कळायची सोयही गेली.

गँगचे निदान असे की तिथे आज भरती सबंध देशातून होते. ओडिशाचा, बिहारचा, आंध्रचा मुलगा परीक्षा देऊन येतो, त्यात सगळ्या जातींचे आहेत, पदवीधरही आहेत. पदाचे नावही बदलले, गँगमनचा ट्रॅक मेंटेनर झाला. पण सफाईच्या कामाकडे बघा. नियमाप्रमाणे सफाईवाल्याची जागाही सर्वांना खुली होती. जातीचे नाव कुठल्याही कागदावर नव्हते. तरीही झाडू कोणाच्या हातात? मुंबईत वाल्मीकी, मेहतर, रुखी, मातंग, बौद्ध. तेलंगण-आंध्रात मादिगा. तामिळनाडूत अरुंधतियार. प्रदेश बदलला की जातीचे नाव बदलते, झाडू तोच राहतो. दुसऱ्या जातीचा एखादा सफाईवाला म्हणून लागला तर वर्षभरात तो कुठल्यातरी साहेबाच्या दारात शिपाई म्हणून बसलेला आम्ही पाहिला आहे. तो तिथे कसा गेला? त्याचा अर्ज घेऊन साहेबाकडे कोण गेले? आम्हीच गेलो. सभासदाचा अर्ज पुढे नेणे हे युनियनचे कामच आहे. पण पिढीजात झाडूवाल्याच्या मुलाचा अर्ज, जो बारावी झाला होता आणि ज्याला तिकीट खिडकीची परीक्षा द्यायची होती, तो आमच्या टेबलाच्या खणात किती महिने पडून होता हे आमच्या टेबलालाच ठाऊक.

आता या कामात दोन मोठे बदल झाले, आणि दोन्हींबद्दल आपण टाळ्या वाजवल्या.

पहिला, गाडीचे संडास. पूर्वी मैला सरळ रुळावर पडे आणि स्टेशनात तो माणसे साफ करत. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, पण रूळ तसेच राहिले. २७ मार्च २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेने रुळांवरची ही प्रथा संपवण्यासाठी मुदतबंद आखणी करावी असे सांगितले. संरक्षण संशोधन संस्थेच्या मदतीने जैविक संडास आले, आणि २०१९-२० पर्यंत जवळजवळ सगळ्या प्रवासी डब्यांना ते बसले. ही चांगली गोष्ट आहे, आम्ही ती नाकारत नाही. रूळ स्वच्छ झाले, गँगच्या माणसाच्या अंगावर उडायचे ते थांबले. पण त्या टाकीत प्रवासी बाटल्या टाकतात, गुटख्याच्या पुड्या टाकतात, कापड टाकतात, आणि ती तुंबते. पिट लाईनवर गाडी आली की डब्याखाली कोणीतरी वाकतो आणि तुंबलेले मोकळे करतो. तो कोण, हे तुम्ही आपापल्या डेपोत जाऊन बघा. वेळ रात्रीची निवडा.

नवा कायदा २०१३ चा. तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाण दिनी. त्यात रेल्वेच्या रुळाचे नाव स्पष्ट आहे. परंतु व्याख्येखाली स्पष्टीकरण जोडलेले आहे की केंद्र सरकारने ठरवून दिलेली साधने आणि संरक्षक पोशाख वापरून मैला साफ करणारा माणूस 'हाताने मैला साफ करणारा' समजला जाणार नाही. गाडीच्या संडासालाही अशीच सूट आहे. हातमोजे घातले की कायद्याच्या दृष्टीने तो माणूस नाहीसा होतो. आणि ते हातमोजे तपासणीच्या दिवशी मिळतात, पुढे महिना-दीड महिना फाटकेच चालवायचे असतात. मोजे नकोत असे आम्ही म्हणत नाही, ते रोज हवेत आणि अंगाच्या मापाचे हवेत. पण मोजे मिळाले म्हणून हे काम त्याच जातीकडे का, हा प्रश्न सुटत नाही.

दुसरा बदल ठेकेदारीचा. सफाईवाले निवृत्त होत गेले, जागा भरल्या नाहीत, काम निविदा काढून ठेक्यावर दिले. पूर्वी तो झाडूवाला निदान रेल्वेचा नोकर होता. त्याला क्वार्टर होते, पास होता, दवाखाना होता, पेन्शन होती. त्या पेन्शनीवर एका पिढीने मुलांना शिकवले, त्यांतले काही आज आपल्यात कारकून आहेत, दोघे तर आमच्या कार्यकारिणीत आहेत. ती शिडी होती. जातीने दिलेले काम होते, पण सरकारी नोकरीमुळे त्यातून वर चढता येत होते. ठेकेदारीने काम त्याच लोकांकडे ठेवले आणि शिडी काढून नेली. आम्हाला विचाराल तर गेल्या तीस वर्षांत दलित कामगाराचे याहून मोठे नुकसान दुसरे झाले नाही, आणि ते झाले तेव्हा आपण वेतन आयोगाच्या थकबाकीचा हिशेब करत होतो.

१९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस कामगारांपासून पुढे लागू होई, म्हणून ठेके मुद्दाम वीसच्या आत तोडले जात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा गेला. आता ती मर्यादा पन्नासवर आहे. मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत असे संहिता म्हणते, पण मुख्य काम कशाला म्हणायचे त्याच्या व्याख्येतून सफाई वगळली आहे. म्हणजे गाडी धुतल्याशिवाय फलाटावर लावता येत नाही, परंतु गाडी धुणे हे मुख्य काम नव्हे. जातिव्यवस्थेचेही हेच म्हणणे होते. गावाला त्या लोकांशिवाय चालत नसे, आणि ते लोक गावाचे नव्हते.

आता आमची कबुली. २०१८ साली आमच्याकडे डब्यांच्या सफाईचा ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने जुन्या तीसेक कामगारांना सांगितले की उद्यापासून येऊ नका, यायचे असेल तर कमी रोजाने या. त्यांत बायका जास्त. काही बारा-बारा वर्षे त्याच पिट लाईनवर होत्या. ठेकेदार चार बदलले, त्या तिथेच. ती सगळी मंडळी आमच्या कचेरीत आली. कचेरीत म्हणजे दारात. आत या असे आम्ही म्हणालो, पण खुर्च्या मोकळ्या करायला कोणी उठले नाही, त्यामुळे त्या उभ्याच राहिल्या. आम्ही सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, "तुम्ही रेल्वेचे नोकर नाही. आमच्या घटनेत हे बसत नाही. आम्ही साहेबांशी तोंडी बोलून बघू." त्यातल्या एक मावशी, डोक्यावरचा पदर दातात धरून होत्या, त्यांनी तो सोडला आणि म्हणाल्या, "साहेब, गाडी तुमची, घाण तुमची, आम्हीच तेवढे कुणाचे नाही व्हय?"

आम्हाला उत्तर आले नाही, म्हणून आम्ही चहा मागवला. चहा आला, त्यांनी घेतला, त्या गेल्या. त्यानंतर आमचे एक उपाध्यक्ष, स्वतः सफाईवाल्याच्या जागेवरून चढत आलेले आणि आमच्यापेक्षा वयाने मोठे, शांतपणे म्हणाले, "सचिव, कपाटात काचेचे ग्लास आहेत. आपण रोज त्यातच पितो. आज कागदी कप का मागवले?"

आम्ही खरेच सांगतो, आम्ही मुद्दाम मागवले नव्हते. चहावाल्या पोराला 'एवढ्या माणसांना' एवढेच म्हणालो होतो. पण मसूरच्या मास्तरांनी तरी कुठे मुद्दाम पाच पावले मोजली होती?

पुढच्या सभेत वाद झाला, तीन तास. घटना आडवी येते, कायदा आडवा येतो, हे सगळे निघाले. शेवटी खरे कारण एका तरुण साथीच्या तोंडून आले आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्ही त्याचे आभारी आहोत. तो म्हणाला, "यांना मत नाही. मान्यतेच्या निवडणुकीत मत कायम कामगाराला. त्यांच्यासाठी भांडून कायम कामगार नाराज झाला तर आपण पडू." खरे आहे. रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान होते, २००७ ला झाले, २०१३ ला झाले, नंतर २०२४ च्या डिसेंबरात झाले. पिट लाईनवरच्या मावशीला त्यात मत नाही. आपण आयुष्यभर म्हणत आलो की मालक फक्त नफा बघतो. त्या दिवशी कळले की आपण फक्त मते बघत होतो.

ठराव चार मतांनी पास झाला. घटनेत कंत्राटी कामगारांसाठी वेगळा सहयोगी सभासद असा प्रकार काढावा, अशी एक सूचना होती. उपाध्यक्षांनी ती हाणून पाडली. म्हणाले, "सहयोगी म्हणजे कळशी." त्यामुळे पावती एकच छापली, वर्गणी तेवढी कमी ठेवली.

काम मात्र आम्हाला वाटले त्यापेक्षा किचकट निघाले. पगार बँकेत जमा होत होता, कागद चोख होते. पण एटीएम कार्डे सुपरवायझरच्या खिशात. पूर्ण पगार जमा व्हायचा आणि त्यातली रक्कम काढून घेऊन उरलेले हातात द्यायचे. भविष्य निर्वाह निधीचा नंबर कोणाला ठाऊक नव्हता. आधी कार्डे परत मिळवली, त्यालाच दोन महिने लागले. मग किमान वेतनाच्या फरकासाठी थेट प्रशासनाला पत्र दिले, कारण ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. हे कलम जुन्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे, ते पाठ करून ठेवा. शेवटी बहुतेकांना कामावर परत घेतले. सगळ्यांना नाही. काही बायका तोपर्यंत धुण्याभांड्याच्या कामाला लागल्या होत्या, त्या आल्या नाहीत. पदरवाल्या मावशी त्यांतच. आम्ही निरोप पाठवला, त्यांनी निरोपाला उत्तर दिले नाही, आणि त्यांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही.

पाण्याचे भांडण वेगळेच झाले. स्टाफ रूमबाहेर थंड पाण्याचा कूलर, त्यावर पाटी, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. ती पाटी आम्ही स्क्रू काढून उतरवली. आठवड्याने ती परत लागली. पुन्हा उतरवली, आणि यावेळी कचेरीत आणून ठेवली. ती लावणारे प्रशासन नव्हते, आपलेच सभासद होते. त्यांतल्या दोघांनी राजीनामे दिले. ते चौकटीत बसवून भिंतीवर लावावेत असे आमच्या मनात होते, अध्यक्ष नको म्हणाले. त्यांतला एक पुढे परत आला. आता तोच कूलरची टाकी धुवायची पाळी लावतो, आणि त्या यादीत स्वतःचे नाव घालतो.

मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाचे उदाहरण तुमच्यापुढे ठेवतो. महानगरपालिकेचा कचरा उचलणारे ठेक्यावरचे कामगार, बहुतेक दलित. त्यांनी आपली संघटना बांधली, औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, आणि एप्रिल २०१७ मध्ये २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल मिळवला. त्यानंतरही नावाच्या स्पेलिंगमधल्या चुका दाखवून पुष्कळांना अडवून ठेवले गेले. त्यासाठी पुन्हा लढाई. म्हणून आमच्याकडे आम्ही पावती फाडताना आधार कार्ड शेजारी ठेवतो आणि नाव अक्षर अन् अक्षर जुळवतो. कंटाळवाणे काम आहे. पण कोणी दहा वर्षे काम केले हे पुढे सिद्ध करायचे तर हीच पावती उपयोगी पडेल.

उरलेले पुष्कळ आहे. आमच्या कार्यकारिणीत अजून एकही कंत्राटी कामगार नाही. सभा संध्याकाळी सहाला, आणि त्या बायकांची पाळी आठला सुटते. हे आमच्या लक्षात यायला तीन वर्षे लागली. कपडे बदलायला खोली मिळाली, तिची किल्ली सुपरवायझरकडे असते. एका साथीच्या मुलीच्या लग्नात आम्ही सगळे गेलो. निमंत्रण पिट लाईनवर नव्हते, आणि तो विषय कसा काढावा हे आम्हाला समजलेले नाही. युनियन कूलरवरची पाटी काढू शकते. जेवणाच्या पंगतीवर ठराव करता येत नाही.

आता तुमच्या हातात ठरावाचा मसुदा आहे. प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतल्या सगळ्या ठेक्यांची यादी करायची: कुठले काम, किती माणसे, रोज किती, निधी भरला जातो का, पिण्याचे पाणी कुठे, किल्ली कोणाकडे. त्यांना सभासद करून घ्यायचे, पावती तीच, सभेची वेळ त्यांच्या पाळीप्रमाणे. सिकंदराबादच्या साथींनी हा तक्ता तेलुगूत हवा म्हणून सांगितले आहे आणि खरगपूरचे बांगला-हिंदीत करणार आहेत. तिसऱ्या ओळीत 'शक्य असल्यास' असे दोन शब्द टंकलेखनात आले आहेत. ते आम्ही घातलेले नाहीत. पेन काढा आणि ते खोडून टाका, मग मतदान घेऊ.